कालियाचे उत्तर : पडद्यावरील सर्पासुराविषयी काही विचार

'ड्रॅगन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ही आपल्या भाषेची उणीव आहे असे मात्र मला वाटत नाही. मंदिराच्या भिंतीवरील व्याल, जलमार्गाच्या मुखाशी बसविलेला मकर, ऋग्वेदात 'अहि' या नावाने ओळखला जाणारा व पाणी अडवून बसलेला वृत्र आणि यमुनेच्या डोहातील कालिया यांत त्या कल्पनेचे अंश विखुरलेले आहेत. पंख आणि अग्नी यांसह ती कल्पना एकाच देहात एकवटली ती पश्चिमेत; आणि चित्रपटाच्या, विशेषतः कार्टूनपटांच्या, द्वारे आज आपल्या घरातील मूल ज्याला ड्रॅगन म्हणते तो तिकडचाच आहे. प्रश्न तो परका असल्याचा नाही. त्याच्या आगमनानंतर आपण आपल्या कालियाचे काय केले, हा आहे.

पाश्चात्त्य पडद्यावर या प्राण्याची गती दोन प्रकारची झाली. एक तर तो मारला जातो. फ्रिट्झ लांगच्या 'सीगफ्रीड'मध्ये (१९२४) माणसांनी आतून चालविलेला तो अवाढव्य सांगाडा तलवारीच्या घावाने कोसळतो आणि डिस्नेच्या 'स्लीपिंग ब्यूटी'मध्ये (१९५९) ड्रॅगनचे रूप घेतलेल्या मॅलेफिसेंटच्या छातीत राजपुत्राची तलवार रुतते. किंवा तो मित्र होतो : 'द रिलक्टंट ड्रॅगन' (१९४१) मधला लढण्यापेक्षा कवितेत रमणारा प्राणी, अथवा 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' (२०१०) मधला मुलाला पाठीवर घेऊन उडणारा. वध आणि मैत्री ही दोन टोके वाटतात खरी. परंतु दोहोंत एक साम्य आहे. दोन्हीकडे त्या प्राण्याला स्वतःची बाजू मांडण्याची वेळ येत नाही. पहिल्यात तो बोलण्यापूर्वी मरतो आणि दुसऱ्यात त्याचा मुळी अपराधच नसतो.

भागवताच्या दशम स्कंधातील सोळाव्या अध्यायात तिसरी गती आहे. तेथे कालियाचा अपराध निर्विवाद आहे. त्याच्या विषाने डोह उकळतो, वरून उडणारे पक्षी गळून पडतात. त्याला एकशे एक मस्तके आहेत आणि जे मस्तक नमत नाही त्यावरच कृष्णाचे पाऊल पडते. परंतु त्या नृत्यापाशी कथा संपत नाही. नागपत्नी मुलांना पुढे घालून शरण येतात, आणि नंतर श्वास सावरलेला कालिया स्वतः बोलतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, आम्ही जन्मतःच दुष्ट व क्रोधी. हा स्वभाव तूच निर्माण केलास, तो आम्ही टाकावा कसा? आता अनुग्रह करावयाचा की दंड, ते तू ठरव. विनम्र शब्दांत विचारलेला एवढा कठोर प्रश्न आपल्या बालकथांत दुसरा क्वचितच सापडेल. कृष्ण त्यावर वाद घालीत नाही. तो कालियाला सहकुटुंब समुद्राकडे जाण्यास सांगतो आणि मस्तकांवरील पदचिन्हांमुळे गरुडापासून अभय देतो. हा वध नव्हे, मैत्री तर नव्हेच.

चित्रकारांना हे उमगले होते. चंदीगडच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात, लाहोरच्या संग्रहालयाच्या वाटणीतून भारताकडे आलेल्या ठेव्यामध्ये, गुलेरच्या माणकूच्या १७३० मधील गीतगोविंद चित्रमालेतील चित्रे आहेत. त्याच नगरात राहून बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी शैलीचा आधार राज्य नसून चित्रकारांचे घराणे होय, हा विचार १९६८ मध्ये मांडला. या घराण्याच्या पुढील पिढीशी निगडित कांगडा भागवतमालेतील कालियामर्दनाच्या चित्रात सर्वांत मोलाची गोष्ट नाचणारा कृष्ण नव्हे. डोहात अर्ध्या मानवी, अर्ध्या सर्पदेहाच्या नागपत्नी हात जोडून उभ्या आहेत. काठावर नंद-यशोदा आणि गोपगोपी व्याकूळ झाले आहेत. दोन कुटुंबांचा आकांत एकाच चौकटीत, एकाच कोमल रेषेने रेखाटला आहे. सर्पाच्या कुटुंबासाठी चित्रकाराने वेगळी, हिणकस रेषा राखून ठेवलेली नाही.

दादासाहेब फाळक्यांच्या 'कालियामर्दन'कडे (१९१९) या चित्रानंतर वळावे. आरंभीच त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी आपल्या मुद्रेवर भावामागून भाव दाखविते. म्हणजे कृष्ण कोण आहे हे प्रेक्षकाला अगोदर सांगून टाकले जाते. जादूचे प्रयोग 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने करणाऱ्या माणसाचे हे धैर्य आहे : पेटी रिकामी दाखवायची आणि मगच चमत्कार करायचा. पुढे पाण्याखाली त्या बनावट सर्पाशी मुलगी झुंजते तेव्हा सर्पाचा बनावटपणा झाकत नाही, तरीही पोटात कालवते. कारण मुलगी बनावट नाही. तिच्या देहाला वजन आहे.

कार्टूनपटाला ही सोय नाही. तेथे कृष्णही रेषेचा आणि कालियाही रेषेचाच; दोघांना एकच वजन, म्हणजे बहुधा शून्य. हा त्या कलेचा दोष म्हणता येणार नाही. १९१५ मध्ये फाळक्यांनीच आगकाड्यांना चालवून दाखविले होते, आणि १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या चित्रकारांनी पुढल्याच वर्षी 'द बन्यन डीअर'साठी जातककथा निवडली. एकशे एक मस्तकांवरील नृत्य, कोणते मस्तक उचलले, कोणते नमले, हे खरे तर लाकडी सर्पाला जमणारच नव्हते. ते या कलेसाठीच जणू राखून ठेवले होते. परंतु गेल्या दोन दशकांत मुलांसाठी निघालेल्या बालकृष्णाच्या ज्या चित्रमालिका माझ्या पाहण्यात आल्या, त्यांतील बहुतेकींत डरकाळी आहे, लाल डोळे आहेत, फण्यावरची बासरी आहे. कालियाचे उत्तर नाही. नागपत्नी असल्याच तर शोभेपुरत्या. सर्पाचे मस्तक हळूहळू ड्रॅगनच्या मस्तकासारखे होत चालले आहे, त्याचे दुःख मला तितके नाही. २००८ पासून चाललेल्या 'छोटा भीम'मध्ये तर कालिया हे शेजारच्या दांडगट, सावळ्या मुलाचे नाव झाले आहे. दंगामस्ती करणारा, हरणारा आणि पुढच्या भागात पुन्हा हरण्यासाठी परत येणारा.

मुलांना एवढे गहन कशाला, असा आक्षेप येईल. तुकोबांच्या बाळक्रीडेच्या अभंगांत चेंडूसाठी डोहात उडी मारणारा कृष्ण मुलांचाच होता, आणि तरीही काठावरच्यांचा शोक तेथे कमी केलेला नाही. शिवाय मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'मधील (२००१) हाकू पाहा. पांढऱ्या ड्रॅगनच्या रूपातला हा मुलगा एका नदीचा आत्मा आहे. इमारती उभारण्यासाठी ती नदी बुजविली गेली, म्हणून त्याला घर नाही आणि स्वतःचे नावही आठवत नाही. दहा वर्षांची चिहिरो त्याला मारीत नाही, माणसाळवीत नाही. ती त्याला त्याचे नाव सांगते. तो चित्रपट जगभरच्या मुलांनी पाहिला आणि त्यांना तो जड गेल्याचे ऐकिवात नाही. भागवतात सर्पाने नदी विषारी केली. जपानी चित्रपटात माणसांनी सर्पाची नदी नाहीशी केली. दिल्लीत यमुनेवर दर शरदात ज्या ठिकाणी पांढरा फेस दाटतो त्याचे नाव कालिंदी कुंज आहे, हे आपल्याकडच्या एखाद्या चित्रकाराच्या अजून ध्यानी यावयाचे आहे.