अंगठीचें वजन

धर्म आणि देह यांचें हाडवैर आहे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रुजून बसली आहे. त्यांतून कॅथॉलिक धर्मपीठाचें नांव निघालें, कीं ब्रह्मचारी धर्मगुरु, मठवासी जोगिणी आणि पापाची कबुली हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. मीहि पुष्कळ वर्षें याच समजुतींत होतों. मिल्टनचें महाकाव्य शिकवितांना आदाम आणि ईव्ह यांची कथा मीं विद्यार्थ्यांना अनेकदां समजावून दिली. परंतु त्याच आदिकथेवर रोमच्या एका पोपनें वर्षानुवर्षें प्रवचनें केलीं, आणि तीं देहाची निंदा करणारीं नसून त्याची प्रतिष्ठा सांगणारीं आहेत, हें मला फार उशिरां कळलें.

या प्रवचनकाराचें मूळ नांव कारोल वोयतीवा. जन्म १९२० सालीं, पोलंडांतील वादोवित्से या लहानशा गांवीं. १९७८ सालीं ते दुसरे जॉन पॉल या नांवानें पोप झाले व २००५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या पीठावर होते. ५ सप्टेंबर १९७९ पासून २८ नोव्हेंबर १९८४ पर्यंत, मधले खंड वजा जातां, बुधवारच्या जाहीर दर्शनाच्या वेळीं त्यांनीं हा एकच विषय चालविला. या प्रवचनांना पुढें 'देहाचें ईश्वरशास्त्र' असें नांव पडलें. त्यांचें वाचन सोपें नाहीं. एकच वचन दहा बाजूंनीं फिरवून पाहण्याची पोपमहाशयांची रीत आहे, आणि घाईच्या वाचकाला ती दळण वाटण्याचा संभव आहे. म्हणून अशा वाचकानें त्यांच्याकडे आधीं नाटककार म्हणून जावें, अशी माझी शिफारस आहे.

वोयतीवा हे खरोखरच नाटककार होते. जर्मनांनीं पोलंड व्यापला होता त्या काळांत ते दिवसां दगडाच्या खाणींत, व पुढें रसायनाच्या कारखान्यांत, मजुरी करीत. आणि १९४१ पासून क्राकूव्ह शहरांत मित्रांच्या घरीं चोरून नाटकें करीत. त्या नाटकमंडळीला पडदे नव्हते, देखावे नव्हते. सारा भर उच्चारलेल्या शब्दावर. युद्धानंतर ते धर्मगुरु झाले, विद्यार्थ्यांबरोबर डोंगर चढले, होड्या वल्हवल्या, आणि त्या तरुणतरुणींचीं प्रेमांतलीं व संसारांतलीं गाऱ्हाणीं त्यांनीं वर्षानुवर्षें ऐकलीं. ह्या ऐकण्याचें फळ १९६० सालीं दोन रूपांनीं बाहेर आलें: एक 'प्रेम आणि जबाबदारी' हा ग्रंथ, आणि दुसरें, टोपणनांवानें छापलेलें 'सराफाच्या दुकानासमोर' हें नाटक.

नाटकांत घडामोड जवळजवळ नाहीं; पात्रें एकमेकांशीं बोलण्यापेक्षां स्वतःशींच अधिक बोलतात. तीन जोडपीं आहेत. पहिल्यांतला नवरा युद्धांत मरतो, पण त्याचें प्रेम विधवेच्या ठायीं जिवंत राहतें. दुसरें जोडपें अॅना आणि स्टीफन यांचें. हीं दोघें एका छपराखालीं राहून परकीं झालीं आहेत. तिसरें जोडपें या दोन घरांतल्या मुलांचें. आईबापांच्या संसारांत जें पाहिलें त्याची सावली तीं बरोबर घेऊन बोहल्यावर चढतात. मधल्या अंकांत अॅना आपली लग्नाची अंगठी विकायला सराफाकडे नेते. सराफ ती तराजूंत घालतो; पण कांटा हालत नाहीं. तो म्हणतो, तुझा नवरा जिवंत असला पाहिजे. कारण तो असेपर्यंत एकट्या अंगठीला वजन नाहीं, दोन्ही मिळूनच कांटा ढळेल.

हा प्रसंग वाचून मीं पुस्तक खालीं ठेवलें. एका मोडत्या संसाराचें दुःख इतक्या साध्या वस्तूंतून सांगणारा लेखक केवळ उपदेशक असूं शकत नाहीं, अशी माझी खात्री झाली; आणि मग त्या लांबलचक प्रवचनांकडे मी नव्या विश्वासानें वळलों.

त्यांतलें मुख्य प्रतिपादन थोडक्यांत असें: प्रेमाच्या उलट जें आहे तें द्वेष नव्हे, माणसाचा 'उपयोग' करणें हें प्रेमाच्या उलट. माणूस हा कधींहि केवळ साधन होऊं नये, हा कांटचा सिद्धांत वोयतीवांनीं १९६० च्या ग्रंथांतच उचलला होता. प्रवचनांत त्यांनीं तो आदिकथेवर लावून दाखविला. आदाम आणि ईव्ह नग्न होतीं व लाजत नव्हतीं; मग लाज आली ती कशामुळें? देह वाईट ठरला म्हणून नव्हे. दुसऱ्याची दृष्टि आपल्याला वस्तु करून टाकील, या भयानें माणूस स्वतःला झांकूं लागला. अशा रीतीनें लज्जा ही देहाचा धिक्कार न राहतां देहांतल्या माणसाची राखण ठरते. आदिकथेचा इतका सहृदय अर्थ मिल्टनच्या टीकाकारांतहि माझ्या पाहण्यांत क्वचितच आला आहे.

८ ऑक्टोबर १९८० च्या प्रवचनांत त्यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. परस्त्रीकडे वासनेनें पाहणारा मनांत व्यभिचार करतो, हें ख्रिस्तवचन सर्वांस ठाऊक आहे. पोपमहाशय म्हणाले, पुरुष आपल्या विवाहित पत्नीकडे जर केवळ तृप्तीचें साधन म्हणून पाहील, तर तोहि त्याच दोषाचा धनी होतो. यावर वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला; पोपनें आतां नवराबायकोंतहि पाप शोधलें, अशी थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना त्या वाक्याची धार कळली नाहीं. विवाहानें स्त्री पुरुषाची मालमत्ता होत नाहीं, मंगलविधि हा परवाना नव्हे, एवढेंच तें वाक्य सांगतें. माझ्या संसाराला सव्वीस वर्षें झालीं. तें वाक्य वाचल्यावर मीं आपल्या मनाशीं हिशेब मांडून पाहिला. पत्नीच्या श्रमांचा, तिच्या गप्प राहण्याचा, तिच्या असण्याचाहि 'उपयोग' मीं किती सहज केला, याचा तो हिशेब होता. तो मला अनुकूल निघाला नाहीं.

'अंतःकरणाचें स्वातंत्र्य' म्हणून जें पोपमहाशय म्हणतात तें येथें स्पष्ट होतें. तें वैराग्य नव्हे. इच्छा मारून टाकणें हा त्यांचा मार्ग नाहीं. मन मानेल तसें वागणेंहि नव्हे, कारण जो इच्छेचा बांधलेला आहे त्याच्यापाशीं देण्यासारखें स्वतःचें कांहींच उरत नाहीं. जो स्वतःचा स्वामी आहे, तोच स्वतःला दुसऱ्यास देऊं शकतो. मार्क्स, फ्रॉइड व नीत्शे यांनीं माणसाच्या अंतःकरणाला संशयित म्हणून उभें केलें. पोपमहाशयांचें म्हणणें असें कीं, ख्रिस्तवचन अंतःकरणाला आरोपीच्या पिंजऱ्यांत कायमचें ठेवीत नाहीं, तें त्याला हांक मारतें.

येथवर माझी मान डोलली. पण प्रवचनमालेचा शेवट वाचतांना ती थांबली. पोप सहावे पॉल यांनीं १९६८ सालीं एक आज्ञापत्र काढून संततिनियमनाचीं कृत्रिम साधनें निषिद्ध ठरविलीं. पत्नीच्या ऋतुचक्रांतील फलदायी दिवस टाळण्याची तेवढी मोकळीक ठेवली. तत्पूर्वीं त्यांच्याच सल्लागार मंडळाच्या बहुमताचा कौल उलट पडला होता. १९८४ च्या अखेरच्या प्रवचनांत दुसऱ्या जॉन पॉल यांनीं ह्या आज्ञापत्राचा कैवार घेतला आहे. त्यांची बाजू पोकळ नाहीं. स्वतःला संपूर्ण द्यावयाचें, आणि त्याच वेळीं आपली जननशक्ति मात्र हातून राखून ठेवावयाची, यांत देहाची भाषा खोटी होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परंतु ज्या अंतःकरणावर ग्रंथभर एवढा विश्वास टाकला, त्याच्यावर नेमक्या या ठिकाणीं विश्वास कां नसावा? आधींचीं चार मुलें, अशक्त प्रकृति आणि तुटपुंजी मिळकत यांचा विचार करून प्रेमानेंच वेगळा निर्णय घेणाऱ्या जोडप्यानें एकमेकांचा 'उपयोग' केला, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

मला यांतला दोष वाङ्मयीन दृष्टीनेंहि दिसतो. नाटकांत अॅनाला बोलावयास मिळालें आहे. तिचा कडवटपणा लेखकानें कापला नाहीं. उत्तर देण्याआधीं तिला पुरतें ऐकून घेतलें. प्रवचनाच्या अखेरच्या भागांत अॅना नाहीं. बाळंतपणें जिच्या देहावर जावयाचीं, तिच्या देहाचा अर्थ तेथें सांगितला जातो, पण तिचा आवाज ऐकूं येत नाहीं. ज्यानें इतकीं वर्षें ऐकून घेतलें त्या धर्मगुरूच्या बाबतींत ही उणीव अधिकच खटकते.

तथापि एका निष्कर्षासाठीं सबंध विचार टाकून देणें हा करंटेपणा होईल. वसईसारख्या ठिकाणीं ज्यांच्या घरीं मराठी बोलली जाते व ज्यांचे विवाह याच धर्मपीठाच्या छायेंत लागतात, त्यांना तर हा विचार घरचाच आहे. इतरांनींहि तो परका म्हणून दूर ठेवूं नये. पुढील वर्षीं माझ्या मुलीचें लग्न आहे. दागिन्यांची यादी घरांत तयार होत आहे, आणि तोळे-माशांचा हिशेब रोज कानांवर येतो. त्या यादीबरोबर हें छोटें नाटकहि तिच्या व होणाऱ्या जांवयाच्या हातीं द्यावें, असें मीं ठरविलें आहे. शेवटच्या प्रवचनांविषयींचा माझा मतभेद मात्र त्यांनीं आपसांत बोलून सोडवावा.