रहस्यकथेचे चित्रपटरूप आणि परिचयक्रमाचा प्रश्न : ‘सोनार केल्ला’च्या संदर्भात

कादंबरीवरून चित्रपट निघाला की प्रेक्षकांची मते बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरतात : चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? रूपांतराच्या अभ्यासाने हा मुद्दा बाळबोध ठरवून बाजूला सारला आणि त्याबरोबर प्रेक्षकांचे मतही अभ्यासाबाहेर गेले. इतर साहित्यप्रकारांत याने फारसे बिघडले नसेल. परंतु रहस्यकथेच्या बाबतीत ‘पुस्तक वाचलेले असल्याने मजा गेली’ किंवा ‘गुन्हेगार आधीच कळला, तरी मजा आली’ यांसारखी विधाने केवळ आवडीनिवडीची नसतात. कृतीच्या रचनेविषयीचा तो पुरावा असतो. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीच्या (१९७१) आणि त्याच नावाच्या चित्रपटाच्या (१९७४) आधारे या पुराव्याचे स्वरूप तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

रहस्यकथा ज्ञानाच्या वाटपावर उभी असते. कोणाला काय, केव्हा आणि किती कळावे याचे नियमन हेच तिचे तंत्र. रोलां बार्थ यांनी ‘एस/झेड’मध्ये (१९७०) कथनातील कोडे घालण्याच्या, उत्तर लांबवण्याच्या आणि अखेर ते उलगडण्याच्या व्यापाराला स्वतंत्र संहितेचा दर्जा दिला. लिंडा हचन यांनी रूपांतरविषयक आपल्या ग्रंथात (२००६) मूळ कृती ठाऊक असलेला आणि नसलेला असे प्रेक्षकाचे दोन वर्ग कल्पिले. या दोन विचारांची सांगड घातली तर एक अडचण लक्षात येते. सामान्य कादंबरीच्या जाणत्या प्रेक्षकाला तुलनेचा अधिक आनंद मिळतो. रहस्यकथेच्या जाणत्या प्रेक्षकाकडून मात्र या प्रकाराचा प्रमुख आनंदच हिरावला जातो. त्यामुळे रूपांतरकाराला एकाच वेळी दोन परस्परविरोधी प्रेक्षकांशी व्यवहार करावा लागतो.

रायना या अडचणीचा अनुभव ‘चिडियाखाना’ (१९६७) करताना आला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षी मालिकेतील कादंबरीवर हा चित्रपट आधारित होता. उत्तमकुमार ब्योमकेशच्या भूमिकेत होते. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभले, तरी राय स्वतः त्याविषयी समाधानी नव्हते. ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नावर उभी असलेली कथा अखेरीस दीर्घ स्पष्टीकरणाची मागणी करते. पुस्तकात वाचक ते स्पष्टीकरण आपल्या गतीने वाचतो, मागची पाने चाळून पडताळतो. पडद्यावर तेच स्पष्टीकरण भाषण होऊन बसते, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्यासाठी तर त्यात काहीच उरत नाही.

‘सोनार केल्ला’त रायनी स्वतःच्याच कादंबरीची ही रचना मोडली. पूर्वजन्मीच्या सोन्याच्या किल्ल्याच्या आठवणी सांगणारा मुकुल, त्याला राजस्थानात नेणारे परामानसशास्त्रज्ञ डॉ. हाजरा, मुलाच्या मागावर असलेले दोन भामटे आणि त्यांचा पाठलाग करणारा फेलूदा ही सामग्री दोन्ही कृतींत समान आहे. परंतु कादंबरी फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे याच्या प्रथमपुरुषी निवेदनातून येते. तोपशेला जे कळते तेवढेच वाचकाला कळते, आणि डॉ. हाजरा म्हणून वावरणारा मनुष्य तोतया आहे ही गोष्ट त्यामुळे सहज झाकली जाते. चित्रपटातील कॅमेरा तोपशेला सोडून हिंडू शकतो. राय त्याला भामट्यांच्या सहवासात नेतात, खऱ्या डॉक्टरांना डोंगरावरून ढकलून दिल्याचे दाखवतात, आणि तोतया कोण हे फेलूदाच्या आधी प्रेक्षकाला सांगून टाकतात.

हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या मुलाखतींत धक्का आणि उत्कंठा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर क्षणाचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर साध्या गप्पाही तणावाने भारल्या जातात. ‘सोनार केल्ला’त तोतया डॉक्टर मुकुलशी गोडीगुलाबीने बोलतो तेव्हा नेमके हेच घडते. ‘हा कोण?’ हा प्रश्न मागे पडून ‘आता या मुलाचे काय होणार?’ हा प्रश्न पुढे येतो. अशा रीतीने कादंबरी वाचलेला आणि न वाचलेला असे दोन्ही प्रेक्षक एकाच पातळीवर येतात. दोघांनाही सारखेच ठाऊक असते. पुन्हा पाहिल्यानेही या चित्रपटाचे फारसे बिघडत नाही, आणि बंगाली घरांत तो पिढ्यानपिढ्या पाहिला जातो यामागे हे एक रचनागत कारण आहे.

या निर्णयाची किंमतही नोंदवली पाहिजे. प्रेक्षक पुढे आणि गुप्तहेर मागे अशी स्थिती झाली की गुप्तहेराच्या बुद्धीचे तेज ओसरते. कादंबरीतील फेलूदा आपल्याला चकित करतो. चित्रपटातल्या फेलूदाची आपण वाट पाहतो. सौमित्र चटर्जी यांच्या व्यक्तिमत्त्वाने ही उणीव बरीच झाकली जाते, तरी ती नाहीशी होत नाही. ‘पुस्तकातला फेलूदा वेगळा होता’ असे म्हणणाऱ्या वाचकाला केवळ भाबडा निष्ठावादी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आपण काय गमावले याची त्याला अचूक जाणीव आहे. ती त्याला रचनेच्या परिभाषेत मांडता येत नाही, इतकेच.

प्रेक्षकाची प्रतिमा पुन्हा पुस्तकात कशी शिरते, हेही येथे दिसते. लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू या पात्राचा प्रवेश ‘सोनार केल्ला’ कादंबरीत झाला. संतोष दत्त यांनी ते पडद्यावर साकारल्यानंतर रायनी काढलेल्या जटायूच्या चित्रांत दत्त यांचा चेहरा उतरला. १९८८ मध्ये दत्त यांच्या निधनानंतर रायनी फेलूदावर पुन्हा चित्रपट केला नाही. पुढील पिढीचा वाचक कादंबरी उघडतो तेव्हा चित्रपट त्याच्याआधीच तेथे येऊन बसलेला असतो. मूळ आणि रूपांतर हा कालक्रम वाचनात उलटा होतो.

हा क्रम भाषेगणिक बदलतो, आणि तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे. बंगाली वाचकाला कादंबरी व चित्रपट एकाच सांस्कृतिक परिसरात लाभले. बंगालबाहेरच्या अनेकांना ब्योमकेश प्रथम भेटला तो १९९३ मध्ये बासू चटर्जी यांच्या दूरदर्शनवरील हिंदी मालिकेतून. मराठीत फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून आल्या. ज्या मराठी वाचकाने चित्रपट पाहिलेला नाही त्याच्या हाती ‘सोनार केल्ला’ अजूनही शुद्ध रहस्यकथा म्हणून पडते. चित्रपट आधी पाहिलेल्या बंगाली वाचकाला तीच कादंबरी ओळखीच्या प्रवासाच्या कथेसारखी वाटते. संहिता तीच, परंतु तिचा साहित्यप्रकार बदलतो. (खुद्द शरदिंदु अनेक वर्षे पुण्यात राहून लिहीत होते, तरी त्या वास्तव्याने मराठी वाचकाला ब्योमकेशच्या अधिक जवळ नेले नाही. भौगोलिक सान्निध्य आणि वाचनातील परिचय या भिन्न गोष्टी आहेत.)

म्हणून रूपांतरित रहस्यकृतींविषयीची प्रेक्षकमते अभ्यासताना ‘आवडले की नाही’ यापूर्वी ‘आधी काय ठाऊक होते’ हे विचारले पाहिजे. परिचयक्रम हा घटक नोंदवला नाही, तर दोन भाषांतील मतांची तुलना ही प्रत्यक्षात दोन निराळ्या कृतींविषयीच्या मतांची तुलना ठरते, आणि तिच्यावरून अभिरुचीविषयी काढलेले निष्कर्ष निराधार राहतात. याउलट तो नोंदवला, तर मूळ कृतीशी प्रामाणिकपणाचा जुना, टाकून दिलेला प्रश्नही नव्या अर्थाने अभ्यासविषय होऊ शकतो : चित्रपट कादंबरीशी किती प्रामाणिक राहिला, यापेक्षा त्याने कोणत्या प्रेक्षकाच्या अज्ञानाचा मान राखला आणि कोणाच्या ज्ञानाचा.