वर्गणीदार कोण, वाचक कोण?

बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 साली स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयेही होती. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले, आणि जोडीला महार हॉकी क्लब. पोरे दारू-जुगाराकडे वळू नयेत हा हेतू. आजच्या ग्रंथालयचालकांना ही जोडी ऐकून हसू येईल. मला तीत मोठी समज दिसते. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा पुस्तकाकडे एकटा येत नाही, टोळक्याने येतो. त्या टोळक्यासकट त्याला आत घ्यावे लागते.

1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालय कर लावला नाही. संस्थांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान दिले. गावोगाव वाचनालये झाली, हे मान्य. पण अनामत आणि वर्गणीचा उंबरठा कायम राहिला. नाव सार्वजनिक, व्यवहार वर्गणीदारांचा!

मी पाहिलेल्या बहुतेक वाचनालयांत बालविभाग म्हणजे राजाराणीच्या गोष्टी. त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या वयाला फार तर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्याला ती खुर्ची मोलाची आहे. पण तो आपलीच पुस्तके घेऊन येतो आणि ग्रंथालयाचे एकही पुस्तक न उघडता जातो. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतो.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही 1986 ची पुस्तके 'दलित साहित्य' अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात असतात. 14 एप्रिलला टेबलावर मांडायची, 15 ला पुन्हा कुलूप. खरे तर ती मुलीच्या हाती आणि तिच्या आईच्या कानी एकाच वेळी पडायला हवीत. आईला अक्षर येत नसेल तर मुलीने वाचून दाखवावे. हे स्वप्नरंजन नव्हे. वर्षावासात विहारांतून तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. कामावरून आलेल्या बाया पोराला मांडीवर घेऊन ऐकतात, मध्येच शंका काढतात. कुटुंबच्या कुटुंब वाचनाला बसवणारा असा उपक्रम किती अनुदानित ग्रंथालयांना जमला?

आपल्या वस्त्यांतल्या, बाबासाहेबांच्या नावाच्या वाचनालयांनाही हा प्रश्न चुकत नाही. किल्ली चिटणीसाच्या खिशात, आणि चिटणीस सभेला. धुण्याभांड्याची कामे उरकून बाया संध्याकाळी सातला घरी येतात. त्या वेळी यांपैकी किती दारे उघडी असतात, ते कार्यकर्त्यांनी एकदा वस्तीवस्तीत फिरून मोजावे.