मारीचाला नाही म्हणता आलं असतं का?

नाशिकला नाव कुठून मिळालं, याची जी गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगतो तिच्यात एका राक्षसीचं नाक कापलं जातं. तपोवनात जागासुद्धा दाखवतो. पंचवटीत सीतागुंफा आहे, काळाराम आहे. मारीच कुठे मेला, हे मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. आणि फँटसीतल्या राक्षसांबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न त्याच्याच गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

राक्षस जन्मतःच दुष्ट असेल, तर त्याला शिक्षा कशाची? आणि त्याला निवड करता येत असेल, तर खराच्या फौजेतले चौदा हजार जण एकट्या रामाने संपवले हे वाचताना आपण इतके निर्धास्त कसे?

टॉल्किन याच प्रश्नात अडकला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९७७ साली आलेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये ऑर्क म्हणजे पकडून, छळून बिघडवलेले एल्फ, असं म्हटलंय. वाईटाला नवं काही निर्माण करता येत नाही, फक्त असलेलं नासवता येतं, ही त्याची धारणा. पण मग ऑर्कला आत्मा असणार! उत्तरं बदलत राहिला, कायमचं एक त्याला सापडलं नाही. गंमत म्हणजे 'द टू टॉवर्स'मध्ये दोन ऑर्क, शॅग्रॅट आणि गॉरबॅग, गप्पा मारतात: युद्ध संपलं की चार विश्वासू पोरं घेऊन, वरचे साहेब नसतील अशा ठिकाणी निघून जाऊ. नोकरीला कंटाळलेली माणसंच की ही.

वाल्मीकी उगमाबाबत बिनधास्त आहे. उत्तरकांडात ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्यांपैकी जे 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस. म्हणजे मुळात ते कामाचं नाव. विभीषणाचा चांगुलपणा बापाच्या वरातून आलेला, म्हणून मला तो फारसा पटत नाही. मारीच तर जन्माने राक्षसच नव्हे. ताटका यक्षीचा मुलगा, अगस्त्यांच्या शापाने राक्षस झालेला. रामाच्या बाणांतून दोनदा वाचल्यावर तो जटा वाढवून तप करत बसला. त्याला झाडाझाडात राम दिसतो, 'र'ने सुरू होणारे शब्दसुद्धा घाबरवतात. हा चांगुलपणा भीतीतून आलेला आहे, हे खरं. तरी तो रावणाला स्पष्ट सांगतो, हे करू नकोस, लंका जाईल. रावण म्हणतो, नाही म्हणालास तर मीच मारतो. आता मारीचाच्या हातात उरलं ते एवढंच, की कुणाच्या हातून मरायचं.

इथवर त्याची कीव येते. पण बाण लागल्यावर? आता रावण त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही. गप्प मरता आलं असतं. भक्तिपर रामकथा त्याला रामाच्या हातून मुक्ती देऊन हा पेच मऊ करतात. वाल्मीकी करत नाही. त्याचा मारीच मरतामरता रावणाचं बोलणं आठवतो, सीता लक्ष्मणाला कशी पाठवेल याचा विचार करतो, आणि मग रामाच्या आवाजात हाक मारतो. शाप नाही, धाक नाही. त्याच्या अख्ख्या गोष्टीत मला पूर्णपणे मोकळी दिसणारी कृती ही एकच, आणि तिने सीतेचं हरण शक्य केलं.