भूगर्भातील इशारा आणि सकळ लिपी

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या थरात, सुमारे 655 मीटर खोल, प्लुटोनियमयुक्त कचरा 1999 पासून पुरला जात आहे. त्यावरील इशारा दहा हजार वर्षे वाचला जावा यासाठी 1993 च्या अहवालात सात भाषांतील मजकूर व भयसूचक शिल्पे सुचविली आहेत. अर्थ कळला की मनुष्य दूर राहील, ही त्या रचनेमागील श्रद्धा होय. ती तपासून पाहावी असा पुरावा वऱ्हाडात आहे.

अचलपूरच्या पूर्वेस रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्याला सुमारे साडेसातशे वर्षे झाली, तोच पदोपदी कोश लागतो. (एलिचपूरचे अचलपूर झाले, ते तर अलीकडचेच.) महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. ते टिकले, परंतु लिपीच्या काठिण्यामुळे नव्हे. मठांत ती शिकविणारे व नकला करणारे होते म्हणून. बाहेरच्यांना मात्र त्या बंदिस्तपणानेच ओढ लावली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिची किल्ली शोधून काढली. भयाची शिल्पे अशीच ओढ लावणार नाहीत कशावरून?

तारापूरला असा कचरा काचेत गोठवून पोलादी पात्रांत ठेवतात. खोल भूगर्भीय भांडार भारतात अद्याप नाही. त्याचा आराखडा करणाऱ्यांनी अमेरिकन अहवालातून शिल्पे घेऊ नयेत. भावी भाषांसाठी राखलेली कोरी जागा तेवढी घ्यावी, आणि ती पिढ्यानुपिढ्या कोण भरणार हे आधी ठरवावे.