संगीत नाटक, आधुनिक मराठी : अभिजाततेचा निकष

स्वातंत्र्योत्तर काळातील मराठी संगीत नाटकांपैकी अभिजात कोणती, हे ठरविताना पदांची लोकप्रियता हा निकष अपुरा पडतो. पदे मैफलीत टिकली, तरी नाटक टिकतेच असे नाही. ज्यातील गायन वगळल्यास नाट्यच उरत नाही आणि मूळ कलावंतांनंतरही ज्याचा प्रयोग प्रभावी होतो, असे नाटक अभिजात मानणे योग्य ठरते.

वसंत कानेटकरांच्या मत्स्यगंधा (१९६४) या नाटकास जितेंद्र अभिषेकी यांनी दिलेल्या आटोपशीर, भावानुकूल संगीताने नाट्यपदाचे रूप पालटले. तथापि तेथे पद मुख्यतः भावनेचा विस्तार करते, घटना घडवीत नाही. अभिषेकींचेच संगीत लाभलेल्या, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या कट्यार काळजात घुसली (१९६७) या नाटकात मात्र दोन घराण्यांचा संघर्ष हेच कथानक असल्याने गाणे हीच कृती ठरते. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांच्या गायकीशी एकरूप झाली होती. पुढे राहुल देशपांडे यांनी ती केली, तेव्हाही नाटक उभे राहिले. विजय तेंडुलकरांचे घाशीराम कोतवाल (१९७२) रूढ अर्थाने संगीत नाटक नव्हे; परंतु भास्कर चंदावरकर यांच्या संगीतातील कीर्तन व लावणी यांच्या सान्निध्यातूनच त्यातील सत्तेचा दांभिकपणा उघडा पडतो. नटसंच बदलूनही त्याचे प्रयोग होत राहिले. म्हणून ही दोन नाटके निःसंशय अभिजात होत. प्राजक्त देशमुख यांच्या संगीत देवबाभळीत (२०१७) गीते संवादाचे कार्य करतात. त्याची दुसरी कसोटी पुढील नटसंचांच्या हाती आहे.