वस्तीचे दुःख आणि वस्तीचे काम

शहरातील गरीब वस्तीला मराठी कथात्म वाङ्मयात स्थान नाही, अशी तक्रार आता कोणासही करता यावयाची नाही. जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. १९६९ साली मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' आणि बागूलांचा 'मरण स्वस्त होत आहे' ही दोन पुस्तके वाचकांच्या हाती पडली. पुढे १९७८ साली दया पवार यांच्या 'बलुतं'ने नागपाड्यातील कावाखाना मराठी वाचकाच्या परिचयाचा केला. तेव्हा वस्ती वाङ्मयात आली की नाही, हा प्रश्न निकालात निघाला आहे. तिच्यातील काय आत आले आणि काय बाहेर राहिले, हा प्रश्न मात्र आमच्या समीक्षेने अद्याप पुरेसा विचारलेला नाही. तो विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या पुस्तकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पांढरपेशांच्या दिवाणखान्यात आणि महाविद्यालयाच्या आवारात घुटमळणाऱ्या मराठी कथेला ह्या लेखकांनी गटाराच्या काठी आणून उभे केले. दळवींनी झोपडपट्टीतील मायलेकांच्या जीवनाकडे नीतिपाठाच्या चष्म्यातून पाहिले नाही; भूक आणि वासना ह्यांचा फेरा तेथे कसा फिरत राहतो, हे त्यांनी निर्विकारपणे दाखविले. बागूलांच्या कथेत तर वर्णन करणारा आणि भोगणारा ह्यांमधील अंतरच नाहीसे झाले. 'बलुतं'ने कोणाच्याही सहानुभूतीची याचना न करता स्वतःचे जिणे वाचकासमोर उघडे केले. ह्या पुस्तकांनी मराठी वाचकाची झोप उडविली, हे त्यांचे मोठेच कार्य होय.

परंतु ही पुस्तके लागोपाठ वाचून खाली ठेवली म्हणजे एक गोष्ट खटकू लागते. वस्तीतील माणूस येथे सोसतो, संतापतो, पितो, प्रेम करतो, मरतो. क्वचित बंडही करतो. पण वस्ती म्हणून तो शेजाऱ्यांबरोबर मिळून काही करतो आहे, असे दृश्य फारच थोडे दिसते. नळ नाही, हे दिसते; नळ कसा आला, हे दिसत नाही. झोपडी पाडली जाते, हे दिसते. ती पाडली जाऊ नये म्हणून कोणी रेशनकार्डे गोळा केली, कोणी अर्ज लिहिला, म्युनिसिपालिटीच्या दारात चार दिवस कोण बसले, हे दिसत नाही. दुःखाचे चित्र आहे. कामाचे वृत्त नाही.

हे काम घडतच नव्हते, म्हणून ते लिहिले गेले नाही, असे म्हणावे तर इतिहास तसे सांगत नाही. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. त्याच नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात नेबरहुड हाऊस उभे केले. १९३६ साली निघालेल्या समाजकार्याच्या टाटा विद्यालयाची मुळे त्या घरात सापडतात. अर्थात ही कामे बाहेरून आलेल्या सज्जनांनी केलेली होती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. म्हणून वस्तीने स्वतः केलेल्या कामाकडे वळू.

तुर्भ्याजवळच्या जनता कॉलनीत जोकिन अर्पुतम नावाचा, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातून आलेला एक तरुण राहत असे. कॉलनीतील कचरा म्युनिसिपालिटी उचलीत नाही, असे पाहून त्याने मुलांना गोळा केले, प्रत्येकाच्या हाती थोडाथोडा कचरा दिला आणि तो म्युनिसिपल कचेरीसमोर नेऊन टाकावयास लावला. ही कॉलनी १९७६ साली, आणीबाणीत, जमीनदोस्त झाली. तत्पूर्वीच, १९७४ साली, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय संघ स्थापन होऊन चुकला होता. पुढे १९८५ साली भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची शिरगणती झाली. सरकारच्या कोणत्याही वहीत ह्या माणसांची नोंद नव्हती. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, पण रीतसर सूचना देऊन झोपड्या हलविण्याची मोकळीकही म्युनिसिपालिटीस ठेवली. पुढल्या वर्षी ह्याच फुटपाथवरील स्त्रियांनी 'महिला मिलन' उभारले. त्या रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकीत. आपल्याला हवे असलेले घर केवढे असावे, हे ठरविताना नकाशा वाचता येत नसल्यामुळे त्यांनी लुगडी लावून खोलीची लांबी, रुंदी आणि उंची आखली. जोकिन अर्पुतम यांना २००० साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि २०१८ साली ते निवर्तले.

ह्या एवढ्या हकिकतीत कादंबरीला लागणारे काय कमी आहे? पात्रे आहेत, संघर्ष आहे, पराभव आहे, विनोदही आहे. लुगडे धरून 'भिंत येथे हवी' असे सांगणाऱ्या बाईइतकी बोलकी प्रतिमा आमच्या नागर कथेत सहसा सापडत नाही. तरीही ह्या प्रकारच्या घटनांभोवती उभी राहिलेली मोठी मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो जुना आहे. वाङ्मय म्हणजे कार्यवृत्त नव्हे. कामाची कथा लिहू जाल तर तिचा प्रचार होईल. आमच्या पिढीने शाळकरी वयात ध्येयवादी नायक भरपूर वाचले आहेत. तो वस्तीत येतो, भाषण करतो, रात्रशाळा काढतो, आणि शेवटच्या प्रकरणात वस्ती त्याच्या नावाने अश्रू ढाळते. तशा कादंबऱ्या पुन्हा लिहिल्या जाव्यात, अशी आमची मुळीच इच्छा नाही. किंबहुना त्यांचा वीट आल्यामुळेच 'चक्र'कार दळवींच्या पिढीने कार्यकर्त्याला कथेतून हद्दपार केले असावे. पण खोट्या कार्यकर्त्याबरोबर खरे कामही हद्दपार झाले, हे त्या पिढीच्या लक्षात आले नाही. वस्तीचे खरे काम ध्येयवादी नसते. ते भांडखोर, संथ आणि कंटाळवाणे असते. त्यात पैशांचे हिशेब चुकतात, पुढारी फुटतात, नळावर मारामारी होते, आणि तरीही पुढच्या रविवारी बैठक भरते. ज्याला मनुष्यस्वभाव पाहावयाचा आहे, त्याला ह्याहून चांगली जागा कोणती मिळेल?

ही उणीव केवळ वाङ्मयीन आहे असे मात्र नाही. आमच्या इंदूरचेच उदाहरण घ्या. १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारास नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडण्याऐवजी थोडीशीच शस्त्रक्रिया करून त्या राहत्या ठेवाव्यात, हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. प्लेगाने गांजलेल्या ह्या शहरात त्यांनी दिवाळीची एक मिरवणूक काढविली; तिच्यात प्लेगाच्या उंदराची प्रतिमा होती आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतील झाडूवाल्यांना मानाचे स्थान होते. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, हे त्या रस्त्याच्या स्वच्छतेवरून ठरावयाचे होते. त्यामुळे लोकांनी आपापल्या गल्ल्या स्वतः झाडून काढल्या. काम लोकांकडून करवून घ्यावयाचे तर त्याला सणाचे रूप द्यावे लागते, ही जाण त्या परदेशी प्राध्यापकाला होती.

सत्तरएक वर्षांनंतर, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, ह्याच शहरात ब्रिटिश साहाय्याने आणखी एक मोठी योजना हाती घेण्यात आली. हिमांशू पारीख ह्या अभियंत्याची कल्पना अशी की, गरीब वस्त्या बहुधा नाल्यांच्या काठी असतात. तेव्हा पाण्याच्या नैसर्गिक उताराने गटारे टाकून सर्व वस्त्या एकमेकींस जोडाव्यात, आणि सार्वजनिक संडासांऐवजी प्रत्येक घराला संडास द्यावा. योजनेला १९९८ साली वास्तुकलेचे आगाखान पारितोषिक मिळाले. २००२ साली गीता दिवाण वर्मा यांनी 'स्लमिंग इंडिया' ह्या इंग्रजी ग्रंथात तिची कठोर चिकित्सा केली. गटारे तुंबली आहेत, पाणी पुरत नाही, म्हणून संडासांचा उपयोग होत नाही, असे त्यांनी दाखविले. एका बाजूला गौरवपत्र, दुसऱ्या बाजूला दोषारोप. आणि दोन्ही इंग्रजीत. ज्या गल्लीतून ते गटार गेले, तेथील माणसाने ते तुंबल्यावर काय केले, वर्गणी काढली की नाही, कोणाशी भांडण झाले, ह्याचे निवेदन ना मराठीत आहे, ना गौरवात, ना आरोपात. वस्तीतील माणूस ज्यांनी कादंबरीत केवळ सोसताना पाहिला, त्यांना तो योजनेत केवळ लाभार्थी म्हणून दिसला, तर नवल कोणते? गटार बांधणारा अभियंता निघून जातो; ते चालू ठेवणारा माणूस तेथेच राहतो. त्याचे नाव कोणत्याच पुस्तकात नसेल, तर ते गटार त्याचे आहे असे त्याला तरी का वाटावे?

मराठीत ह्याला अपवाद नाहीत असे नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक ह्या दृष्टीने अभ्यासिले पाहिजे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ते सिद्ध झाले आहे. सभा कशा भरविल्या, मंडळे कशी चालविली, घरची कामे उरकून बाहेर कसे पडावे लागे, हे त्यांतील स्त्रिया स्वतः सांगतात. ह्या पुस्तकात अलंकरण नाही. पण वाचून संपविल्यावर आपण दुःखी माणसांना भेटलो असे न वाटता, कर्त्या माणसांना भेटलो असे वाटते. 'बलुतं'ने जे धैर्य आत्मकथनात आणले, तेच ह्या पुस्तकाने सामूहिक कामाच्या निवेदनात आणले, असे आमचे मत आहे. ह्या दोहोंना एकत्र वाचल्यावाचून वस्तीचे पूर्ण दर्शन घडत नाही.

हा मजकूर आम्ही मुख्यतः शिक्षकांसाठी लिहीत आहो. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांत आज जी मुले येतात, त्यांपैकी पुष्कळशी अशाच वस्त्यांतून येतात. त्यांची मराठी हिंदी-माळवीशी मिसळलेली असते. त्यांना निबंधासाठी 'माझी वस्ती' हा विषय दिला, तर ती पाठ्यपुस्तकातील दुःख उतरवून काढतात, कारण वस्तीविषयी तसेच लिहावयाचे असते, असे त्यांनी वाचले आहे. 'आमच्या गल्लीत नळ कसा आला' असा विषय दिला, तर तीच मुले मोठ्या माणसांना विचारून येतात आणि दोन पानांऐवजी सहा पाने लिहितात. त्यांतील भाषा अशुद्ध असते. निवेदन मात्र खरे असते. साहित्यसंस्थांनी अशी लेखने मागवावीत, बचतमंडळांची इतिवृत्ते आणि अर्जांच्या नकला जपून ठेवाव्यात, आणि उद्याच्या कादंबरीकाराला हा कच्चा माल उपलब्ध करून द्यावा. कथासंमेलनाच्या खर्चापेक्षा ह्याला खर्च कमीच येईल.

दळवी आणि बागूल यांनी वस्तीकडे पाहावयास शिकविले. तिचे काम ऐकून लिहून घेणे पुढच्या लेखकांकडे राहिले आहे, आणि तो लेखक आज आपल्याच एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला असण्याचा संभव आहे.